उत्तरेच्या भिंतीतली दोरी

४ मार्च
आले एकदाची. खोली चर्चच्या मागेच, खिडकी मोठी, ऊन भरपूर. चर्चच्या इतिहासाची पुस्तिका लिहाल का, असं फादरांचं पत्र आलं तेव्हा खरं वाटेना. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं वाचून वाचून शिकले. हे असते तर म्हणाले असते, बघ, डोळे फोडलेस त्याचं चीज झालं. मागच्या वर्षी इथलंच छप्पर ह्यांनी दुरुस्त केलं. घरी आले ते खंगतच गेले. तीन महिन्यांत आटोपलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पुस्तिका लिहीनच, पण इथे काय झालं तेही विचारणार आहे.

७ मार्च
वेदी, बारा बाक, रंगीत काचांच्या चार खिडक्या, सगळं टिपलं. इतिहास मात्र कोणी सांगेल तर शपथ! उत्तरेची भिंत तीनदा पडली, एवढं जुन्या वहीत आहे. पुढचं पान फाडलेलं. फादर नवे, त्यांना काही ठाऊक नाही. घंटा वाजवणारे काका म्हणाले, बाई, खिडक्यांवर लिहा की, भिंतीत काय ठेवलंय? ह्यांचा विषय काढला तर त्यांना एकदम खोकलाच लागला. तीन दिवस फुकट.

१० मार्च
आज चर्चच्या भिंती डागडुजणाऱ्या गवंड्याच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी वैतागून म्हणाला, वहिनी, तुम्ही काय पाठ सोडायच्या नाहीत. इथली जुनी रीत आहे म्हणे. भिंतीला तडा गेला की बाहेरच्या माणसाची उंची त्याच्या नकळत दोरीने मोजायची, दोरी तड्यात घालून वर चुना लिंपायचा. भिंत सावरते, माणूस खचतो. असल्या थापा दुसऱ्या कोणाला मार, असं मी सुनावलं. तो एवढंच म्हणाला, की मागच्या वर्षी बाहेरचा एकच माणूस होता.

११ मार्च
भिंतीत चुन्याचा नवा पट्टा आहे. खरवडला. दोरीचं टोक. उबदार.
ह्यांच्या उंचीएवढी बाहेर आली. तरी संपेना.

१२ मार्च, सकाळ
आतून ओढ लागते. हिसका. माझा भ्रम नाही. आमच्या गावातल्या कामांवर हे छपरावर असले की खाली दोरी धरून मीच उभी असायचे. दोन हिसके म्हणजे ओढ. एक म्हणजे थांब.
आतून एकच येतोय.

दुपार
फादरांना बोलावलं, ते काकांना विचारायला गेले. सगळे विचारायलाच जातात! दोरी डाव्या मनगटाला गुंडाळून लिहितेय. ओढली की चुना गळतो, तडा वर सरकतो. परत एक हिसका. परत एक —
जन्मभर तुमचं ऐकलं. त्या तीन महिन्यांतही, रडू नको म्हणालात, रडले नाही. आज नाही थांबणार. अजून थोडी — आत बोटं दिसतायत — तडा छपरापाशी — हे एक, एक, एकच हिसका देतायत, आणि मी