पुढे सरकवलेली ताटली

कोहका, ४ मार्च २०२४

ती. रुक्माताईस,
देवीदासचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितोय, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे हे तोंडाने बोलायची छाती नाही.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीची ताटली मी काही न घेता तशीच पुढे का सरकवतो, असं तू विचारलंस, तेव्हा दाढ दुखते म्हणालो. सहा महिने कुणाची दाढ दुखते?

ताई, सतरा वर्षांपूर्वी त्या खासगी मिलमध्ये आमच्या पाळीतल्या तेजरामचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला, तो आनंदराव भाऊजींच्या चुकीने नव्हे. स्विचवर ‘दुरुस्तीचं काम चालू’ची लाल पाटी होती. आधीच्या पाळीवाले काढायला विसरले असतील, असं समजून ती मी काढली आणि पट्टा सुरू केला. भाऊजी फोरमन, हुकूम आपणच दिला, असं त्यांनी लिहून दिलं. माझा मोहित तेव्हा चार महिन्यांचा होता, म्हणून मला वाचवलं. त्यांची नोकरी गेली, माझी राहिली. सप्टेंबरात ते वारले, तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. मी काय करू?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा अपराधी भाऊ,
देवीदास

अहिवारा, ११ मार्च

चि. देवीदास यास अ. उ. आ.

यांनी मला अपघाताच्या आठवड्यातच सगळं सांगितलं होतं आणि कुणाला बोलणार नाही, असा शब्द घेतला होता. दोन वर्षं मी तुझ्या हाकेला ओ दिली नाही. तुला वाटलं, ताईचे कान गेले. कानाचं यंत्र घेऊन आलास! बहिरेपण फार नंतर आलं रे, तेव्हा मला नीट ऐकू येत होतं. इतका राग होता तुझा.

मग एका गुड फ्रायडेला यांनी विचारलं, की देवाजवळ स्वतःसाठी माफी मागतेस, ती देवीदासले कावून देत नाही. त्या दिवशी तुला माफ केलं. सोपं गेलं नाही.

उपाशी राहून तू काय भरून काढणार? आपल्याच्याने ते भरून निघत नाही, म्हणूनच प्रभूने क्रुसावर जीव दिला. ते फुकट मिळतं, नुसतं घ्यायचं असतं. पण तेजराम आजही यांनाच दोष देतो. मातीलासुद्धा आला नाही. आधी त्याच्याकडे जा. मी शब्दाने बांधलेली आहे, तू नाहीस.

आणि दाढेला लवंग लाव, लबाडा.
तुझी वाट पाहणारी,
ताई

कोहका, ३१ मार्च, ईस्टर

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि.

सेक्टर सहातल्या तेजरामच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत फिरलो. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोने, कौशल्यावहिनींनी, पाहिलं आणि आत बोलावलं. सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. ‘सतरा वर्षं मी आनंदरावशी बोललो नाही,’ एवढंच म्हणाला आणि मला चालता हो म्हणून सांगितलं.

आज सकाळी तोच माझ्या दारात उभा. आनंदरावची कबर दाखव म्हणाला. स्कूटरवर मागे बसला. कबरीजवळ त्याने डाव्या हाताने माती सारखी केली आणि रडत भाऊजींची माफी मागितली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला माफ केलं का, हे विचारायचा धीर झाला नाही. चर्चची वेळ झाली होती, म्हणून त्याला मागे बसवून तसाच तिकडे गेलो. तो फाटकाबाहेरच थांबला. ताटली आली. मी भाकर घेतली, ताई.

तो निघून गेला असेल, असंच धरून मी बाहेर आलो. तेजराम उन्हात स्कूटरपाशी उभा होता. घरी सोड म्हणाला.

तुझ्या प्रार्थनेत त्यालाही जागा असू दे.
तुझा,
देवीदास