डबा म्हणतो, जागा नाही

२ फेब्रुवारी, सकाळ
विसरलीस ना, गोजराबाई? हा तुझाच आवाज. पुढं कधी डबा हे ऐकवेल तेव्हा "कोण गं ही बडबडी?" म्हणशील, म्हणून आधीच सांगून ठेवते. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता भाजीवाल्याशी भांडायला जाणारी बाई तू, तुझा काय भरवसा!

डबा म्हणजे टीव्हीशेजारचा काळा. नात दिव्यश्रीनं बसवला. मी बोलायचं, त्यानं ठेवायचं. अक्षर न शिकलेली बाई रोजनिशी ठेवते, मल्लेश्वरममध्ये दुसरी दाखवा. ह्यांच्या जुन्या कॅसेटीही तिनं आतच भरल्या. वांग्यांवरून घासाघीस, आमच्या लेकाला, शंभूला, दिलेला दम, एक अर्धवट अभंग. कॅसेटींना बुरशी लागली होती, त्या फेकल्या. आता ह्यांचा आवाज आहे तो डब्यातच.

सोळाला ह्यांचं वर्षश्राद्ध. शंभू आणि सूनबाई येलहंक्याहून येणार. सगळ्यांना हा आवाज ऐकवायचा. त्याआधी माझं ह्यांच्यावरचं भाषण, तेही डब्यातूनच. संकल्प: भाषण दोन दिवसांत भरून टाकणे.

४ फेब्रुवारी
भाषण गेलं. डबा म्हणाला, "जागा नाही." सुरुवात किती रीतसर केली होती! एका दमात गणपती, तुळजाभवानी, जेजुरीचा खंडोबा, इथली अण्णम्मा, काडु मल्लेश्वर, सासूसासरे आणि त्यांचेही सासूसासरे. एक देव सुटला तर कार्य फसतं.

जागेचं मला कुणी शिकवू नये. दोन खोल्यांत अकरा माणसं आणि शिवणयंत्र बसवलंय मी. शंभूच्या लग्नातला बँड पुसायला सांगितला. डबा म्हणाला, "पुसलं." मग देवाबिवाचं नाव न घेता वैतागून मी एवढंच सांगितलं, आणि बघ, ठेवलं! उपाय लागू.

दिव्याला सांगायचं नाही. तिला वाटायचं, अज्जीला डबा जमत नाही.

७ फेब्रुवारी
दिव्या चिडलेली. ऑफिसात तिचं काम म्हणजे यंत्रात काय कुठं ठेवायचं ती व्यवस्था. फाइल सिस्टम म्हणतात. आपल्या डब्यातही तिचीच. म्हणाली, कुणीतरी मागं लिहून ठेवलंय की यंत्राला काही ठेवता आलं नाही, तर कारण कुठलंही असो, एकच सांगायचं: जागा नाही. डिस्क बिघडली, जागा नाही. परवानगी नाही, तरी जागा नाही. ती खरं कारण सांगणारा कोड घालायला बसली, तर साहेब उपेंद्र म्हणाला, "लोकांना सवय झालीय, कशाला हात लावता?"

मी उपेंद्राच्या बाजूची. म्हटलं, "अगं, स्थळाला नकार देताना आपण काय सांगतो? पत्रिका जुळत नाही. मुलगा नाकानं बोलतो असं सांगतो का?"

तर म्हणाली, "अज्जी, मग तो बिचारा जन्मभर ग्रहांची शांती करत बसतो! नाक तसंच!"

हसले खूप. असा कोण मूर्ख असेल?

जाताना तिनं विचारलं, डबा कसा चाललाय. म्हटलं, अगदी छान.

९ फेब्रुवारी
पुन्हा जागा नाही. या वेळी देवांत रेणुकाही घातली होती, मागच्या वेळी राहिली होती. शंभूची शाळेतली कविता पुसली. त्याचं पाठांतर तसंही कच्चंच. पुन्हा देवांपासून सुरुवात केली, पुन्हा जागा नाही. सूनबाईचं डोहाळजेवण पुसलं. जागा स्वल्प कमी पडतेय, एवढंच.

१२ फेब्रुवारी
ह्यांची वांग्यांची घासाघीस पुसली. शंभूला दिलेला दमही गेला. ह्यांचा एक अभंग तेवढा उरला. तोही अर्धवटच, आणि सूर कधी नव्हताच. भाषण नसेल तर माणसं वडे खाऊन उठून जातील. भाषणात सगळं आहे, सूर नव्हता तेसुद्धा.

म्हटलं, "आमचे हे पुसून टाक." डबा म्हणाला, "सापडलं नाही." "शंभूचे वडील पुसून टाक." सापडलं नाही. डब्याला नावच लागतं. उखाणा सोडला तर जन्मात घेतलं नव्हतं. दार लावून घेतलं आणि म्हटलं, जयसिंगराव पुसून टाक.

पुसलं म्हणाला. लगेच.

१३ फेब्रुवारी
भाषण ठेवलं! आज देवबिव सुचलेच नाहीत. बसले आणि तोंडातून "अहो," एवढंच आलं. मग पुढचं सगळं बोलले. डब्यानं बिनतक्रार ठेवलं. म्हणजे पुसल्याचा उपयोग झाला. झालाच.

१५ फेब्रुवारी
दिव्यानं उद्यासाठी डबा तपासला. ह्यांचा आवाज कुठाय, विचारलं. सांगावं लागलं.

जागा होती. म्हणाली, "अख्खं येलहंका मावेल एवढी." डबा म्हणे पहिल्या वाक्याचंच त्या बोलण्याला नाव देतो. माझं पहिलं वाक्य देवांनी लांबलेलं, त्यात मराठी अक्षर यंत्राला इंग्रजीच्या तिप्पट लांब पडतं. नावच मावत नव्हतं. आणि मेला सांगत होता, जागा नाही!

म्हटलं, पुसलेलं परत काढ. दुपारभर खटपट केली तिनं. ह्यांच्या जागेवर डब्यानं माझंच बोलणं लिहून टाकलंय. जिवंतपणीही मी ह्यांना मध्येच तोडायची.

दिव्यानं उपेंद्राला फोन लावला. तो म्हणाला, "गिऱ्हाइकांची एकही तक्रार नाही." ती म्हणाली, "कशी येणार? माझं गिऱ्हाईक घरात बसून 'अगदी छान' म्हणत होतं." माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नवा कोड तिनं आपल्या डब्यात तेवढा घातला.

१६ फेब्रुवारी, सकाळ
सगळे देव घेऊन बघितलं. डबा म्हणाला, "नाव फार लांब आहे." खरं बोलला. आता काय उपयोग?

शंभूचा फोन आला. "आई, अप्पांचा आवाज ऐकवणार ना आज?" जिभेवर आलं होतं, डबा बिघडलाय. पण म्हटलं, "मी पुसला रे. माझ्याच तोंडानं सांगून."

तो म्हणाला, "सरी, असू दे. वडे किती आणू?"

मी फोनच ठेवला. डब्या, शंभूला एवढं पाठव: वडे घरचेच आण, खीर सूनबाईच्या हातची. आणि वडे जळले असतील तर जळले म्हणूनच सांगा. गॅस संपला होता असं सांगू नका.