आठ टाके आणि दोन लुगडी

आदिलाबाद, दवाखाना, खाट नंबर सहा
सोमवार, ता. ९-२-८७

ती. सौ. पद्मजावहिनींस,

विमलचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे लिहिण्यापुरता. सध्या मला या कुशीवरून त्या कुशीवर व्हायला दोन माणसं आणि देवाचं नाव लागतं.) दादाचा खोकला कसा आहे, तुमची कंबर कशी आहे, राजू नीट बोलायला लागला का, सगळं कळवा. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे. सगळे खुशाल आहेतच, मी सोडून. मंगळवारची तार मिळाली असेल. तारेत 'मुलगी, दोघी ठीक' एवढंच होतं, कारण ती यांनी लिहिली, आणि हे पडले मंडल ऑफिसातले कारकून (आमच्या घरी अजून तहसीलच म्हणतात), विचारलं तेवढंच लिहायची सवय. पोट चिरून पोरगी काढली हे त्यांनी लिहिलं नाही. आठ टाके आहेत, बेंबीच्या खाली आडवे, बरोबर जिथं बाईमाणसाच्या परकराची नाडी बसते तिथं. ही जागा ध्यानात ठेवा वहिनी, पुढचा सगळा तमाशा याच जागेवर चालला आहे. आणि आधीच सांगून ठेवते, काही मागायसाठी हे पत्र लिहून राह्यली नाही. मला काही नको. जीव मेटाकुटीला आला म्हणून नुसतं मन मोकळं करून राह्यली.

तर झालं असं. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यामुळं या गुरुवारी आई मला भैंशाकडं न्यायला येणार होती. माझी पेटी भरून तयार होती. पोरीला तेवढा धीर निघाला नाही, तीन आठवडे आधीच निघाली, आणि कळा सुरू झाल्या त्या सासरच्या स्वयंपाकघरात, पोळी तव्यावर असताना. (पोळी जळली. सासूबाई अजून येईल त्याला सांगतात.) आता सासूबाईंचं म्हणणं, लेकरू आमच्या गावात झालं, दवाखान्यात आमी आणलं, तर सवा महिना आमच्याच घरी. आईचं म्हणणं, पहिलटकरणीवर माहेराचा हक्क, मग ती बासरच्या घाटावर का बाळंत होईना. दोघी एकमेकींशी 'विहीणबाई, विहीणबाई' करत इतक्या गोड बोलून राह्यल्या आहेत की मला भीती वाटते. एकाच गोष्टीवर दोघींचं एकमत आहे, आणि तेच माझ्या मुळावर आलं. दोन्ही घरांत म्हणे पूर्वीपासून चालत आलं आहे की बाळंतीण ज्या घरचं कापड अंगावर घालून दवाखान्याची पायरी उतरेल, त्या घरी तिचा सवा महिना, न्हाणं, शेक, सगळं तिथंच. (पूर्वी तर दवाखानाच नव्हता, मग ही पद्धत कुठून आली, असं मी विचारलं. दोघींनी एकदम माझ्याकडं असं बघितलं की मी पोरीला पाजायला घेतलं.)

झालं. सासूबाई तिसऱ्याच दिवशी माझ्या डोहाळजेवणाचं जांभळं रेशमी पातळ घेऊन हजर. पातळ म्हणायचं आपलं, वजनानं सतरंजी आहे. त्याच्याखाली परकर, परकराला नाडी, आणि नाडी कुठं बसते ते वर लिहिलंच आहे. त्याच्यावर लग्नातलं झंपर. वहिनी, तुमी एका लेकराची आई आहात, दूध उतरल्यावर लग्नातलं झंपर म्हणजे काय ते तुमाला उलगडून सांगायला नको. शनिवारी घालून बघायचं ठरलं. सासूबाई एका बाजूनं ओढतात, आई दुसऱ्या बाजूनं ओढते (या एका कामात दोघी बहिणी-बहिणी), मधे मी श्वास सोडून बसलेली. तीन हूक लागले. चौथा लागता लागता पहिला सुटला आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजीबाईंच्या वरणात पडला. आजीबाई चांगल्या, काढून परत दिला. मग यांना सांगितलं की नवं सैल झंपर शिवून आणा. हे लगेच दौलत टेलरकडं गेले. दौलतनं माप मागितलं, यांनी मापाला माझं दुसरं झंपर दिलं, तेही लग्नातलंच! रविवारी नवं झंपर आलं, तंतोतंत त्याच मापाचं. सैल काऊन नाही केलं म्हणून विचारलं तर दौलतचा निरोप आला की केलं आहे, आतून चार बोटं दाब सोडला आहे, पुढं लागेल तेव्हा उसवून घ्या. पुढं म्हणजे कधी? माझी पोरगी बाळंत होईल तेव्हा? मी कपाळाला हात लावला. हात तेवढा अजून वर जातो.

आईचं ऐका आता. तिनं भैंशाच्या बाजारातून हिरवं नऊवारी लुगडं आणलं, कोरं करकरीत, खळसुद्धा उतरवलेली नाही, घडी उलगडली की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. नऊवारीला परकर नाही, म्हणजे नाडी नाही, म्हणून मी घडीभर खूश झाली. मग आठवलं की नऊवारीला कमरेला गाठ असते आणि कासोटा असतो. पोट फाडलेल्या बाईनं कासोटा घालून रिक्षात कसं चढायचं ते आईलाच माहीत. एवढ्यावर थांबली नाही. बाबांचं जुनं धोतर फाडून सहा हात लांब पट्टा केला आहे, तो पोटावर आवळून बांधायचा, नाही तर पोट सुटतं म्हणे. टाक्यांवर बांधू काय गं, म्हटलं, तर म्हणाली, "मी पाच बाळंतपणं काढली अन् महिन्यात कापूस येचाले गेली, तुलेच काऊन एवढं दुखते?" आई, तुझं पोट कोणी फाडलं होतं का, असं मी म्हटलं, तर तोंडाला लागते म्हणून रुसून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. डॉक्टरीणबाईंनी तो पट्टा बघितला आणि तेलुगूत जे काही बोलल्या, त्यातलं मला निम्मं कळलं, आईला काहीच कळलं नाही, पण पट्टा चटकन उशीखाली गेला. डॉक्टरीणबाई गेल्यावर परत बाहेर आला.

मला ही अवदसा आठवली ती खाट नंबर पाचमुळं. तिथं एक तेलुगू मास्तरीणबाई होत्या, त्यांनाही टाके. शुक्रवारी त्या घरी गेल्या. काय घालून गेल्या असतील? फुलाफुलांचा ढगळ गाऊन, खांद्यापासून घोट्यापर्यंत, पुढं बटणं. वरून एक टॉवेल पांघरला, नवऱ्याचा हात धरला आणि हळूहळू चालत रिक्षापर्यंत गेल्या. नाडी नाही, हूक नाही, कासोटा नाही, कोणी विहीण नाही. मी खिडकीतून बघतच राह्यली. यांना म्हटलं, मला असा एक गाऊन आणून द्या हो. बघू म्हणाले. आमच्याकडं तोंडी काही होत नाही हे मला वर्षभरात कळलं आहे, म्हणून कागदावर लिहून दिलं. कागद बघितल्यावर मात्र गेले. दुकानात बाईचा गाऊन मागायची लाज वाटली म्हणून नुसतं कापड घेतलं आणि परत त्या दौलतकडं! दौलतनं जन्मात शर्ट, पँट आणि झंपर सोडून काही शिवलं नाही. त्यानं कॉलर लावली. खिसा लावला. आणि बटणं सगळी पाठीवर. आता पोरीला पाजायचं कसं? पण वहिनी, मी तोपण घातला असता, मागचा पुढं करून घातला असता, कारण त्याला नाडी नव्हती. पण सासूबाईंनी बघितला. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. आपल्या घरची सून निजायच्या कपड्यात रस्त्यानं येणार नाही, एवढंच म्हणाल्या, नीट चौघडी घातली, स्टुलावर ठेवला आणि त्याच्यावर बसल्या. त्या अजून बसूनच आहेत. आईनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना मनापासून 'बरोबर आहे' म्हटलं.

या सगळ्यात सुखी कोण असेल तर माझी पोरगी. बारशापर्यंत लेकराला नवं कापड घालायचं नाही, जुनं, शंभरदा धुतलेलं, मऊ पडलेलंच घालायचं, हेही दोन्ही घरांत पक्कं. तिला डोक्याला बांधायला आजोबांच्या धोतराचं टापरं आहे, आजीच्या विरलेल्या लुगड्याची दुपटी आहेत. कुठं टोचू नये म्हणून दोघी आज्या शिवण उलटी करून बाहेरच्या बाजूला घेतात, आपल्या गालावर घासून बघतात आणि मगच तिच्या अंगाला लावतात. काल ते बघून मला माझ्या सहा दिवसांच्या पोरीचा हेवा वाटला. खरंच सांगते, हेवा वाटला आणि मी हुंदके देऊन रडली. (हुंदका टाक्यांना बसतो. म्हणून रडणंसुद्धा बेतानं.) सासूबाई म्हणाल्या, रडू नको, दूध आटेल. आई म्हणाली, रडू नको, डोळे जातील. हे म्हणाले, रडू नको, लोक बघतात. कुठं दुखतंय, हे कोणी विचारलं नाही. सुजातम्मा नावाची नर्स आहे, ती तेवढी येता-जाता "नोप्पी उंदा, अम्मा?" म्हणून विचारते. दुखतंय का, एवढाच त्याचा अर्थ, पण मला ते ऐकलं की भरूनच येतं.

आज सकाळी यांनी मिसल (ऑफिसातल्या भाषेत आमचं प्रकरण) निकालात काढली. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं, पेन खिशाला लावलं आणि सांगितलं, दोन्ही नेसायची. एकावर एक! मला वाटलं चेष्टा करून राह्यले. चेष्टा नाही वहिनी. दोघी विहिणी तयार झाल्या. मग आत कोणाचं आणि वर कोणाचं यावर तासभर गेला. सासूबाई म्हणाल्या, लोकांना दिसतं ते खरं. आई म्हणाली, अंगाला लागतं ते खरं. म्हणजे दोघी जिंकल्या. गुरुवारी टाके काढणार, शुक्रवारी घरी सोडणार. तेव्हा खाली बाबांच्या धोतराचा पट्टा, त्यावर नऊवारी कासोट्यासकट, त्यावर परकर, त्याची नाडी, त्यावर जांभळी सतरंजी आणि वरून दौलतचं झंपर, अशी मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरणार. वीस दिवस सासरी आणि मग बसमधे बसून उरलेले माहेरी, कारण कापड दोघांचं. हे म्हणतात, बघ, कसं सगळ्यांचं समाधान झालं. सगळ्यांत मी धरलेली नाही, हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. वाईट नाहीत हो ते. पण मी हात टेकले.

असो. यांच्या ऑफिसातले नरसिंगराव उद्या पहाटेच्या गाडीनं निजामाबादला कामाला येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. दादाला नमस्कार, राजूला गोड पापा. माझी काळजी करू नका.

तुमची नणंद,
विमल

ता. क. मला काही नको असं वर लिहिलं ते खोटं आहे. दोन-अडीच वर्षांमागं दिवाळीला तुमी गावाला आल्या होत्या, राजू तीन महिन्यांचा होता, तेव्हा तुमी आकाशी रंगाचा पुढं बटणांचा गाऊन घालत होत्या. तो मला पायजे. पण आधी एक सांगते, मग द्यायचा का नाही ते ठरवा. तुमाला वाटतं शेजारच्या वच्छलाबाईंनी आईचे कान भरले, की सून पोतं घालून अंगणात फिरते. वच्छलाबाईंनी नाही, मी भरले. पोतं हा शब्दसुद्धा माझाच. त्यावरून आई तुमाला नाही नाही ते बोलली, तुमी ऐन दिवाळीत बॅग उचलून निघाल्या, आणि मी माडीवरून बघून हसली. माझ्या लग्नातपण तुमी पाहुण्यासारख्या बसून गेल्या. मी तेव्हापासून सांगीन सांगीन म्हणते. मला तेव्हा काही कळत नव्हतं वहिनी. मला माफ करा.

ता. क. गाऊन कोणाच्या हाती पाठवू नका. यांच्या हाती पडला की तो स्टुलावर जाईल. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुमी स्वतः घेऊन या. तुमी बँकेत नोकरी करता, इंग्रजीत सही करता, दोघी विहिणी तुमाला वचकून आहेत.

ता. क. आणखी एक. ज्या घरचं कापड त्या घरी सवा महिना, एवढीच पद्धत आहे, ते कापड लुगडंच पायजे असं कोणी म्हटलेलं नाही. तुमचा गाऊन घालून पायरी उतरली तर मला तुमच्याच घरी यावं लागेल, आणि दोघींना तोंडातून ब्र काढता येणार नाही. बस चार तास घेते, दुखेल, दुखू द्या. मला घेऊन चला. मी जे केलं त्यावरून तुमाला जे बोलायचं असेल ते रोज बोला, सवा महिना बोला. मी सैल कपड्यात पडून सगळं ऐकून घेईन.