ट्रेबलचा बंदोबस्त

५ जानेवारी
ऑफिसच्या स्नेहसंमेलनात यंदा मी गाणार. बावीस वर्षं दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी निवृत्ती, म्हणजे ही शेवटची संधी. अर्ज दिला. साहेब म्हणाले, आधी ऐकवा तरी. अठरा तारखेला, रविवारी, घरी बोलावलं. समोर बसून गाणार नाही, घसा ऐन वेळी दगा देतो. तीन गाणी रेकॉर्ड करून घरच्या स्टिरिओवर लावणार. एक गाणारा निवडायचाय. डिस्पॅचवाल्यानेही अर्ज केलाय म्हणे. करू दे बापडा.

७ जानेवारी
रेकॉर्डिंग ऐकलं. कानात खिळे ठोकल्यासारखं वाटलं. मांजर कपाटावर जाऊन बसलं. दोष उघड आहे : ट्रेबल. आमच्या स्टिरिओला वरचे सूर पेलत नाहीत. मुलगी म्हणाली, बाबा, बाकीची गाणी तर छान वाजतात की. तिला समजावलं, ते गायक फार वर जातच नाहीत, सांभाळून गातात. ती म्हणाली, मग तुम्हीही सांभाळा ना. हल्लीच्या मुलांना तांत्रिक बाजू कळत नाही.

८ जानेवारी
ट्रेबलचं बटण डावीकडे शेवटपर्यंत पिळलं. आणखी थोडं पिळलं. हातात आलं.

९ जानेवारी, संध्याकाळ
मेकॅनिक आला. त्याच्याजवळचं गाणं लावून म्हणाला, काका, मशीन ठणठणीत आहे. मग माझं लावलं. हे कोण गातंय, असं विचारलं. मी म्हणालो, आहे एक होतकरू गायक. तो म्हणाला, त्यांच्या घरचं कुणी काही बोलत नाही का? बटण बसवून घाईने गेला. खरंच, घरच्यांचं कौतुक मला कधी मिळालंच नाही. परक्या माणसाच्या लक्षात आलं ते.

११ जानेवारी
दोष खोलीचा असावा. उघड्या भिंती आणि फरशी तीक्ष्ण आवाज परत फेकतात, असं वाचलं. सगळ्या रजया भिंतींवर ठोकल्या. मेहुण्याकडून गालिचा आणला. ही म्हणाली, अहो, थंडीचे दिवस आहेत, आम्ही पांघरायचं काय? म्हटलं, कलेसाठी थोडं सोसावं. ही म्हणाली, इतकी वर्षं काय करतेय मग?

१४ जानेवारी
तीक्ष्ण सूर निघतात ते ट्वीटरमधून, स्पीकरच्या त्या छोट्या जाळीतून. दोन्ही ट्वीटरवर कापूस दाबला. त्यावर लोकरी मोजे. स्पीकरांची तोंडं भिंतीकडे केली. तिघंही शिंकतोय, पण ट्रेबल शरण येतंय.

१७ जानेवारी
रंगीत तालीम. आवाज आता निव्वळ मखमल. स्पीकरला कान टेकवला तर शब्दही कळतात. एरवी माझं गाणं लागलं की हिला आत काम निघतं. आज शेजारी बसून अख्खी बाजू विणून काढली स्वेटरची. छान वाटतंय, असं आपणहून म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदाच. डिस्पॅचवाल्याची कीव येते.

१८ जानेवारी, संध्याकाळी सात
साहेब येऊन गेले. कोचावर बसून तिन्ही गाणी ऐकली. मध्येच म्हणाले, हं, लावा की आता. म्हटलं, दुसरं चालू आहे. अच्छा अच्छा, म्हणाले आणि डोळे मिटले. तल्लीन झाले होते. तिसऱ्या गाण्यात किंचित घोरलेही. जाताना म्हणाले, महिन्याभरात इतकं शांत वाटलं नव्हतं. निवड पक्की. कोणता शर्ट घालावा?

२० जानेवारी
नोटीस लागली. गायन : डिस्पॅचवाला. माझं नाव अगदी खाली : ध्वनिव्यवस्था. तडक साहेबांकडे गेलो. म्हणाले, अहो, आवाज इतका आवरता येणारा माणूस सापडतो कुठे? गेल्या वर्षी पहिली रांग कानांत बोटं घालून बसली होती. मी विचारलं, माइकपाशी माझं काहीच नाही का? त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, तपासणीचं वन, टू, थ्री तुम्हीच म्हणा. लोक यायच्या आधी.

२१ जानेवारी, पहाटे
रियाज सुरू केला. वन खर्जात, टू मध्य सप्तकात, थ्री वरच्या पट्टीत. ही आतून ओरडली, अहो, टूपर्यंतच म्हणा.