सीताफळाच्या वड्यांची बरणी

दादा, लहानपणी त्या सकाळी तुमच्या या लेकीनं गोठा झाडला, म्हशीला कडबा टाकला आणि दुधाचा कॅन धुतला. टँकर दोन दिवस आला नव्हता, म्हणून तांब्याभर पाण्यातच विसळला. तुम्ही गावच्या दूध संस्थेत दूध तपासायचात. झाकण काढून नाकाशी धरायचं, एवढंच. आपला कॅन आला. तुम्ही झाकण धरलं आणि कॅन बाजूला ठेवला. सगळी रांग बघतेय. कुणीतरी हसून म्हणालं, "आता घरचंबी परत व्हय?" तुम्ही म्हणालात, "घरचं हाय म्हणून नाक बंद ठेवू का?" कॅन नीट धुतला नाही म्हणून घरी बोलणी आईला बसली.

हे आठवतं, कारण यंदाही पाणी नाही आणि आता झाकण माझ्या हातात आहे. बायकांच्या संस्थेत नवा जिन्नस विकायला काढायचा की थांबवायचा, ते मी सांगते. आपली आपण वाचायला शिकले, म्हणून मला बसवलं. डोंगरावर सीताफळ दुष्काळातही धरतं, तेव्हा शेजारच्या सुनेनं गर आटवून वड्या केल्या. आमचे हे वारल्यावर महिनाभर मला भाकरी आणून देणारी तीच. गरम वडी तोंडात टाकून मी म्हणाले, चांगली झालीय. पंधरा दिवस ठेवून मगच चाखायचं, हा नियम मीच केला होता. माझ्या त्या एका शब्दावर तिनं मुकादमाला सांगून टाकलं, "यंदा आमी ऊस तोडायला येत न्हाई."

पंधराव्या दिवशी मी घरी एकटीनंच बरणी उघडली. आधी गोड, मग जिभेच्या मागं कडू. गर जास्त तापला की कडवटतो. ताज्या वडीत ते साखरेखाली लपलं होतं. दुसरी खाल्ली, तीही तशीच. मुकादमाची गाडी चार दिवसांनी निघणार होती. वड्या फेकून द्याव्यात, मुंग्या लागल्या म्हणावं, असंही मनात आलं. तेवढ्यात ती दारात.

"मावशी, उद्या पास व्हईल ना?"

मी तिला चहा दिला.

झाकण उचलताना तुम्हाला कधी भीती वाटायची का? तेवढं विचारायला कागद घेतला. आता ट्रंकेत ठेवते. तो कॅन आईनं नाही, मी धुतला होता. तुम्ही असेपर्यंत सांगितलं नाही.

ती चहा पिऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बैठकीत बरणी उघडली, वड्या कडवटल्यात, थांबवायच्या म्हणाले आणि पहिली वडी तिच्याच हातावर ठेवली.