दिवाळीच्या माळांची वायर

सरे, रविवार, १२ नोव्हेंबर २०१७

आज सापडलं. कठड्याचं लोखंड कापायला आणलेला प्लाझ्मा कटर ठणठणीत होता. मीच त्याला दिवाळीच्या माळांची बारीक, लांबलचक एक्स्टेन्शन वायर जोडली होती. कापायला घेतलं की व्होल्टेज पडायचं आणि मशीन बंद. तीन आठवडे मी मशीनच खोलत बसलो. काखेत कळसा अन् गावाला वळसा. वायर हाताला गरमही लागायची, तरी सुचू नये?

मालती म्हणायची, "अहो, इलेक्ट्रिशियन बोलवा. पायऱ्यांना कठडा हवाय." मी म्हणायचो, "मला येतं सगळं." मंगळवारी ती त्याच पायऱ्यांवरून घसरली. खुबा मोडला.

आज जाड वायर लावली, लोखंड काकडीसारखं कापलं गेलं. संध्याकाळी हॉस्पिटलात तिला सांगितलं. म्हणाली, "बघा, जमलं ना तुम्हाला." रागावली असती तर सोसलं असतं.