पट्ट्या निळ्या होईपर्यंत

प्रिय पूर्णिमा,

आधी आला तो मुलगाच. आईवडील मंडईपाशी गाडी लावायला जागा शोधतायत आणि हा पियुष स्कूटरवरून आपल्या दारात हजर, संस्कृतीला बघायला. तुझ्या धाकट्या बहिणीचे केस ओले, पोहे भिजायचे होते, आणि मी तुझ्या कॉलेजच्या वेळच्या जुन्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळत बसलेली. तुझ्या बाबांनी मला सकाळीच बजावलं होतं, थोरलीचा विषय काढायचा नाही, तिच्या लग्नाचा तर नाहीच. म्हणून मी तोंड मिटून बसले.

तेवढ्यात पत्ते अडले, नेहमीसारखे. पियुष म्हणाला, आतलं सामान विस्कटलंय. एकच चिठ्ठी फाडून पाच डब्यांत ठेवावी तसं झालंय, तुकडे शोधून एका जागी लावायला हवेत. मी दुसरी शिकलेली, पण हे कळलं हो मला. त्यानं काहीतरी दाबलं आणि अगं, लाल-निळ्या पट्ट्यांनी पडदा भरला. लाल सरतेय, निळी वाढतेय, मी तांदूळ निवडते त्याहून नीट.

तीन तास लागतील, मधेच थांबवायचं नाही, म्हणाला. तोवर आईवडीलही येऊन बसले. मुलगाच उठेना, मग ते कसे उठणार? पोहे संपले, चहा दोनदा झाला, शेवटी मी पिठलं टाकलं. त्याची आई मालनबाई, लोणी काळभोरची, स्वतःच भाकऱ्या थापायला लागली. पोरं खुर्चीला खुर्ची लावून पट्ट्या बघतायत. भाकरी थापता थापता बाईंनी विचारलंच, मुली किती तुम्हाला? तुझे बाबा स्वयंपाकघराच्या दारात. माझा डाव पिठल्यातच राहिला.

"दोन," ते म्हणाले. "थोरली पूर्णिमा. जावई तालिब. चार वर्षं मीच बोललो नाही."

मालनबाईंनी भाकरी उलटली. "मंग आमी अर्धंच घर बघून जायचं व्हय?"

मंडळी गेल्यावर संस्कृती सांगते, आजी, ते मधे कधीही थांबवता येतं. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? नुसती हसली. पियुषलाही ठाऊक असणार, कॉम्प्युटरचंच तर काम करतो.

पत्र मी लिहितेय, पण पाकिटावरचं अक्षर नीट बघ, ते तुझ्या बाबांचं आहे. फोन हातात घेतात नि ठेवतात. जावयांना घेऊन ये, बाबा खाली फाटकाशी उभे राहणार आहेत. मंडळी परत यायचीत ती या नाही, त्यापुढच्या रविवारी, सकाळी दहाला.

तुझीच,
आजी